बागांच्या नकाशांसाठी क्यूजीआयएस ३.४०: पावसाळ्यापासून आत्तापर्यंतचा अनुभव

रत्नागिरीत आमचं मोजणी आणि नकाशांचं छोटं ऑफिस आहे. बहुतेक काम आंबा बागांचं. कलमांची मोजदाद, कुठलं कलम कुणाच्या हिश्श्यात येतं, सड्यावरून पाइपलाइन कशी न्यायची, असलं. जुलै २०२५ मध्ये सगळ्या मशीनवर क्यूजीआयएस ३.४० घातलं. क्यूजीआयएस म्हणजे नकाशे करायचं मोफत सॉफ्टवेअर. आता सीझन पुन्हा तोंडावर आलाय, म्हणून सविस्तर लिहितोय.

या सॉफ्टवेअरवर माझा जीव आहे तो त्याच्या वेळापत्रकामुळे. एरवी फेब्रुवारी, जून, ऑक्टोबर अशी दर चार महिन्यांनी नवी आवृत्ती येते. ऑक्टोबरची पुढच्या फेब्रुवारीत दीर्घकालीन, म्हणजे एलटीआर होते. तिच्यात नवीन काही घुसवत नाहीत, महिन्याला फक्त दुरुस्त्या येतात. तारखा आधीच जाहीर असतात, त्यामुळे ऑफिसचं वर्ष आखता येतं. फेब्रुवारीत आमच्याकडे मोहोर, फवारण्या आणि बागा करारानं द्यायची घाई असते. त्या दिवसांत चालत्या मशीनला हात लावायचा नाही, हा नियमच. पाऊस लागला की बागेत जाणं थांबतं, तोवर एलटीआरमध्ये चार-पाच महिन्यांच्या दुरुस्त्याही आलेल्या असतात. इन्स्टॉलर एकदा उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवायचा, कारण पावसात इथे लाइट आणि नेट दोन्हींचा भरवसा नाही.

बदलताना एक जुनी बाग हमखास तपासतो. प्रोजेक्टची प्रत काढायची, नव्या आवृत्तीत उघडायची आणि यूटीएम ४३ उत्तरमध्ये (आमच्या भागाला लागू पडणारी, मीटरमध्ये मोजणारी नकाशा-पद्धत) एकेका हिश्श्याचं क्षेत्र गुंठ्यांत काढून जुन्या आकड्याशी ताडून बघायचं. मग पीडीएफ काढून गावांची नावं वाचायची. मजकूर बाह्यरेषेत निर्यात करायचा पर्याय ठेवला की जोडाक्षरं नीट येतात. यंदा दोन्ही बाबतीत काही अडलं नाही. मोबाइलवर क्यूफील्ड या क्यूजीआयएसच्या जोडीच्या अॅपमध्ये घेतलेले कलमांचे पॉइंटही बिनबोभाट जुळले.

दुखणं आहे प्लगइनचं, म्हणजे बाहेरच्या लोकांनी लिहिलेल्या जोड-सोयींचं. हिस्से पाडायला आम्ही वापरतो त्या प्लगइनच्या कर्त्यानं बऱ्याच काळात काही हलवलेलं नाही. ३.४० वर ते चालतं, पण क्यूजीआयएसची पुढची मोठी आवृत्ती ४.० क्यूटी ६ वर जातंय. क्यूटी म्हणजे खिडक्या-बटणं दाखवणारा, क्यूजीआयएस ज्यावर उभं आहे तो सॉफ्टवेअर-संच; तो बदलला की जुनी प्लगइन अडतात. शिवाय प्लगइनच्या माहितीत कमाल आवृत्ती लिहिलेली नसेल, तर ती ३.९९ धरतात आणि ४.० मध्ये ते यादीत दिसतच नाही. २०१८ मध्ये ३.० आलं तेव्हा पायथन ३ (प्लगइन ज्या भाषेत लिहितात तिची नवी आवृत्ती) आणि क्यूटी ५ मुळे कितीतरी प्लगइन मागे राहिली होती. या वेळी निदान पूर्वसूचना आहे. ४.० ऑक्टोबर २०२५ मध्ये यायचं होतं, ते फेब्रुवारी २०२६ वर नेलं, आणि त्यामागे प्लगइनवाल्यांना वेळ मिळावा हाही विचार होता. मला हे फार पटलं. तारीख गाठायची म्हणून लोकांचं काम मोडायचं नाही, एवढी जाण प्रकल्प चालवणाऱ्यांना आहे.

आम्ही काय केलं? वापरातल्या प्रत्येक प्लगइनपुढे शेवटच्या बदलाची तारीख लिहून काढली. हिस्सेवाल्या प्लगइनचा कोड खुला आहे, तेव्हा पायथन येणाऱ्या ओळखीच्या मुलाला पैसे देऊन तो क्यूटी ६ साठी दुरुस्त करून घेतोय. झालं की बदल मूळ कर्त्याकडे पाठवणार. त्यानं घेतले तर सगळ्यांचंच भलं.

क्यूजीआयएस फुकट मिळतं, पण ते फुकटात चालत नाही. आवृत्ती निघण्याआधी नव्या सोयी घालणं थांबवतात आणि त्या काळात चुका दुरुस्त करणाऱ्या डेव्हलपरना क्यूजीआयएस चालवणारी संस्था देणग्यांतून पैसे देते. तिचं अंदाजपत्रक कुणालाही बघता येतं. नकाशाचं बिल लावणाऱ्या प्रत्येक ऑफिसनं वार्षिक खर्चात देणगीचा आकडा धरावा, असं मला मनापासून वाटतं. आम्ही यंदापासून धरलाय.

४.० एका जुन्या लॅपटॉपवरच चढवणार. बागेतली मशीन ३.४० वर राहतील, आणि पुढचा निर्णय पाऊस लागल्यावर.