जुना माठ, तेलाचा कॅन, तांदळाची गोणी: गच्चीवरच्या बागेतला 11 महिन्यांचा अनुभव

नाशिकचा पावसाळा, थंडी आणि एप्रिलचं रखरखीत ऊन असं सगळं निघाल्यावर घरातली कोणती जुनी वस्तू गच्चीवर टिकते, ते आता खात्रीने सांगता येतं. पहिला मान पाण्याच्या जुन्या माठाचा.

माठ गळ्यापर्यंत मातीत पुरायचा. भरलेलं पाणी हळूहळू पाझरतं आणि माती जितकी कोरडी, तितका पाझर जास्त. आडव्या कापलेल्या 200 लिटरच्या ड्रमात मधोमध 3 लिटरचा माठ आणि त्यापासून चार बोटांवर टोमॅटोची 3 रोपं, एवढं पुरे. तोंड मातीच्या एक इंच वर ठेवा आणि झाकणी घाला, नाहीतर डास होतात. रोपं लावल्यावर पहिले दोन-तीन आठवडे वरूनही पाणी द्यावंच लागतं, कारण मुळं अजून माठाजवळ पोचलेली नसतात. पुढे थंडीत चार-पाच दिवसांनी माठ भरला तरी चालतो, एप्रिलमध्ये मात्र रोज.

बहुतेकांचं चुकतं ते इथे. घरातला माठ बाद होतो तो पाणी गार होत नाही म्हणून. गार होत नाही, कारण क्षारांनी त्याची छिद्रं बुजलेली असतात, आणि बागेत आपल्याला नेमकी तीच छिद्रं हवी असतात. म्हणून पुरण्याआधी माठ बाहेरून कोरडा पुसून संध्याकाळी भरा. सकाळी तळहात लावल्यावर ओल लागली तर माठ चांगला. कोरडाच राहिला तर एक भाग व्हिनेगर आणि दोन भाग पाणी रात्रभर भरून ठेवा, मग नारळाच्या शेंडीने आतबाहेर घासा. साबण लावू नका. रंग दिलेला माठ घेऊच नका. बोअरचं पाणी वापरत असाल तर दर हंगामाला ही घासणी करावीच लागते.

टोमॅटोच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडला की कुंडीत अंड्याची टरफलं घालायचा सल्ला हमखास मिळतो. टरफलं विरघळायला फार वेळ घेतात आणि आपल्या काळ्या मातीत चुना, म्हणजे कॅल्शियम, बहुधा असतोच. डाग पडतो तो पाण्याच्या ओढाताणीने: दोन दिवस कोरडं, तिसऱ्या दिवशी चिखल. अशाने कॅल्शियम फळापर्यंत पोचतच नाही. माठ लावलेल्या ड्रमात हा डाग जवळपास दिसेनासा झाला, हाच त्याचा सगळ्यात मोठा फायदा.

5 लिटरचा तेलाचा कॅन पुदिना-कोथिंबिरीला उत्तम. आधी गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्याने तेलकटपणा पूर्ण काढा. कॅन मधून कापून वरचा भाग उलटा करून खालच्यात बसवा आणि बुचाला भोक पाडून जुन्या सुती साडीची बोटभर रुंद पट्टी ओवा. पट्टीचं एक टोक पाण्यात, दुसरं मातीत निम्म्यापर्यंत. नुसती काळी माती भरली तर ती गच्च बसते आणि मुळं कुजतात. निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) हवंच. पट्टी तीन-चार महिन्यांत सडते, ती बदला. पाण्याच्या भागाला गडद कापड गुंडाळा, म्हणजे शेवाळ धरत नाही, आणि दोन भागांमधली फटही त्यातच झाका, कारण डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो.

तांदळाच्या प्लास्टिक गोण्यांची शिफारस करवत नाही. उन्हात त्या काही महिन्यांतच भुगा होतात, उचलताना तळ सुटतो आणि धागे मातीत मिसळतात, ते मग वेचून निघत नाहीत. चहाचा चोथा दोन पाण्यांनी धुऊन, वाळवून कंपोस्टमध्येच टाका. दूध-साखरेसकट कुंडीत घातला की मुंग्या आणि बुरशी आलीच.

फुटलेल्या माठाची खापरं टाकू नका. कुंडीच्या भोकावर बाक वर करून ठेवली की पाणी निघतं, माती राहते.