मेळघाटची मार्गदर्शकासह सहल: पॉइंट भरपूर, गावासाठी वेळ अपुरा

चिखलदऱ्याला मुक्काम आणि सेमाडोहच्या बाजूने जंगल सफारी, अशी जोडसहल आखून देणाऱ्या एका स्थानिक व्यावसायिकाबरोबर आम्ही हिवाळ्यात मेळघाट पाहिला. वाहन, निवास आणि जेवण यांविषयी तक्रार नाही. सहलीचे खरे बळ म्हणजे सोबत दिलेले कोरकू या आदिवासी समाजातील मार्गदर्शक, आणि नेमके त्यांनाच बोलायला पुरेसा वेळ मिळाला नाही.

चिखलदऱ्यातील कार्यक्रम नेहमीच्या वळणाचा होता. भीमाने कीचकाला मारून ज्या दरीत फेकले असे सांगतात ती दरी, भीमकुंड, देवी पॉइंट आणि प्रतिध्वनीसाठी प्रसिद्ध असलेला पंचबोल ही ठिकाणे एकापाठोपाठ उरकण्यात आली. गाविलगडालाही याच घाईचा फटका बसला. दुसऱ्या इंग्रज–मराठा युद्धात, १५ डिसेंबर १८०३ रोजी, इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने नागपूरकर भोसल्यांकडून हा किल्ला जिंकला. त्याची तटबंदी आणि दरवाजे निवांत पाहायचे तर अर्धा दिवसही कमी पडावा. विदर्भात कॉफीचे मळे म्हणजे नवलच, पण तेही आम्ही धावत्या गाडीतूनच पाहिले.

सफारीचा भाग मात्र उत्तम जमला होता. देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाले तेव्हाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी मेळघाट एक असले, तरी हा डोंगराळ आणि सागाच्या दाट रानाचा मुलूख असल्यामुळे येथे वाघ सहज दिसत नाही, हे मार्गदर्शकांनी निघण्यापूर्वीच स्पष्ट सांगितले. (असा प्रामाणिकपणा या धंद्यात दुर्मीळच.) त्याऐवजी त्यांनी मोह आणि तेंदू ओळखायला शिकवले, अस्वलाने ओरबाडलेली झाडे दाखवली, आणि सिपना, खापरा, गडगा या नद्या शेवटी तापीलाच कशा मिळतात ते समजावले. कोहा, कुंड आणि बोरी ही गावे पुनर्वसनासाठी जंगलाबाहेर गेल्यावर त्यांच्या शेतजमिनींवर कुरणे कशी वाढली, हे सांगताना त्यांनी वन्यजीवांचा लाभ आणि उठून गेलेल्या कुटुंबांची ओढाताण या दोन्ही बाजू मांडल्या.

कोरकू गावाची भेट हा जाहिरातीतला मुख्य मुद्दा होता. प्रत्यक्षात तिला चहापुरता वेळ मिळाला. समोरासमोर दोन ओळींत बांधलेली घरे, मधला रुंद रस्ता आणि मुठवा या ग्रामदेवाचे स्थान एवढे पाहून होते न होते तोच निघण्याची सूचना आली. कोरकू भाषा मुंडा कुळातली, तर शेजारच्या गोंड समाजाची गोंडी द्राविडी कुळातली. शेजारी राहणाऱ्या या दोन समाजांचे आपसांतले व्यवहार कसे चालतात, असे प्रश्न मनातच राहिले. शिवाय आमच्यापैकी काहींनी न विचारता लोकांच्या ओसरीवर जाऊन छायाचित्रे काढली, तेव्हा आयोजकांनी कोणालाही हटकले नाही. छायाचित्रांचा नियम आधी सांगणे आणि भेटीच्या मोबदल्यातून गावाला काय मिळते ते उघड करणे, या दोन गोष्टी त्यांनी तातडीने कराव्यात.

कुटुंबासह प्रथमच मेळघाटात जाणाऱ्यांना ही सहल सोयीची आहे. ज्यांना माणसे आणि जंगल दोन्ही समजून घ्यायचे आहे त्यांनी आरक्षण करतानाच दोन-तीन पॉइंट वगळून गावासाठी एक सकाळ मागून घ्यावी. पावसाळ्यात चिखलदरा धुक्यात सुंदर दिसत असला तरी त्या काळात सफारी बंद असू शकते, त्यामुळे पॅकेजमध्ये तिच्याऐवजी काय दिले जाणार आहे, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी घ्यावे.