मुलांना बर्फ दाखवायचाय: मनाली की गुलमर्ग?

घरात बर्फाचा हट्ट सुरू झाला की औली, नारकंडा, तवांग अशी नावं कुणी ना कुणी पुढे करतं. पण बरोबर आजी-आजोबा, मुलं आणि ऑफिसची मोजकी रजा असली की चर्चा शेवटी मनाली आणि गुलमर्गवर येऊन थांबते. हॉटेलं नंतर बघा, आधी कॅलेंडर काढा. सुटी कधी मिळते यावरच निम्मा निर्णय होतो.

मनाली शहर समुद्रसपाटीपासून साधारण २,०५० मीटरवर आहे, गुलमर्ग साधारण २,६५०वर. या सहाशे मीटरमुळे गुलमर्गला बर्फ हॉटेलच्या दारात असतो, मनालीत मात्र तो शोधत वर जावं लागतं. नाताळात मनालीच्या मॉल रोडवर बर्फापेक्षा गर्दी भेटण्याची शक्यता जास्त. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरला चिल्लई कलां लागतो, म्हणजे थंडीचे सर्वांत कडक चाळीस दिवस. तेव्हा नाताळात गेलात तर तुम्ही हंगामाच्या तोंडाशीच पोचता. खात्रीचा बर्फ हवा असेल तर जानेवारीची अखेर ते फेब्रुवारी हा काळ धरा, २६ जानेवारीला जोडून शनिवार-रविवार आला तर उत्तमच. शाळा चार दिवस बुडाली तर बुडू द्या, दहावीचं वर्ष नसेल तर.

खात्रीचा म्हटलं तरी निसर्ग कुणाला बांधील नाही. जानेवारी २०२४मध्ये गुलमर्गची मैदानं उघडी पडली होती आणि हिमाचलचे डोंगरही कोरडेच होते. २०२५मध्ये बर्फ कमी म्हणून गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. म्हणून परत न मिळणारी बुकिंग सहा महिने आधी करू नका, एजंट कितीही गोड बोलला तरी.

मनालीच्या बाजूने सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे अटल बोगदा. ३ ऑक्टोबर २०२०ला तो सुरू झाला. त्याआधी हिवाळ्यात रोहतांगची खिंड बंद झाली की पलीकडचं लाहौलचं खोरं तुटायचं. आता नऊ किलोमीटरच्या बोगद्यातून पलीकडे लाहौलमधल्या सिस्सू गावाला निघता येतं आणि बोगद्याच्या अलीकडे, मनालीजवळच्या सोलंगला बर्फ नसला तरी तिकडे बऱ्याचदा असतो. पण जोराचा बर्फ पडला की प्रशासन फक्त फोर बाय फोर गाड्या सोडतं किंवा रस्ताच बंद ठेवतं. म्हणजे ज्या दिवशी बर्फ भरपूर, नेमका त्याच दिवशी तुम्ही हॉटेलात अडकण्याची शक्यता! गुलमर्गलाही पायथ्याच्या टंगमर्ग गावापासून वरचे तेरा किलोमीटर चाकांना साखळ्या लावलेल्या स्थानिक गाडीतून जावं लागतं. फरक इतकाच की एकदा वर पोचून मुक्काम केला की पुढे रस्त्याची काळजी उरत नाही. त्यामुळे गुलमर्गला श्रीनगरहून एका दिवसात जाऊन येण्याचा बेत मला पटत नाही. दोन रात्री तिथेच राहा.

पोचायला काश्मीर सोपं, कारण मुंबईहून श्रीनगरला थेट विमान आहे. मनालीसाठी चंदीगडपर्यंत विमान आणि पुढे घाटातला दिवसभराचा प्रवास. गाडी लागणारं मूल किंवा पाठदुखीचे आजोबा असतील तर हा मुद्दा छोटा समजू नका. श्रीनगरची विमानं मात्र बर्फात रद्द होतात, तेव्हा परतीनंतर लगेच ऑफिस गाठायचा हिशेब ठेवू नका. आणखी एक, बाहेरची प्रीपेड सिमं जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत. घरातला एक तरी फोन पोस्टपेड हवा.

गुलमर्गचा गोंडोला, म्हणजे दोरावरून जाणारा पाळणा, दोन टप्प्यांत जातो. पहिला कोंगडूरीला सुमारे ३,१०० मीटरवर, दुसरा अफरवटला चार हजारांच्या जवळ. तिकिटं ऑनलाइन, आधी काढावी लागतात. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांना पहिल्या टप्प्यावरच थांबवा. मुलांचाही खरा खेळ खालीच असतो. स्लेज म्हणजे बर्फावरची घसरगाडी ओढणारे आणि गाइड दोन्हीकडे मागे लागतात, गुलमर्गला जरा जास्तच. भाव आधी ठरवा, किती वेळ आणि कुठपर्यंत तेही ठरवा. गमबूट आणि ओव्हरऑल दोन्हीकडे वाटेत भाड्याने मिळतात. हातमोजे मात्र घरून न्या, भाड्याचे ओलसर मोजे मुलं पाच मिनिटांत काढून फेकतात.

मे महिन्यातच जमत असेल तर हिशेब बदलतो. तेव्हा गुलमर्ग हिरवंगार असतं, बर्फ उरतो तो अफरवटच्या माथ्यावर. मनालीहून रोहतांगला जायला परवाना लागतो, रोजच्या गाड्यांची संख्या ठरलेली असते आणि मंगळवारी रस्ता बंद. दिल्ली-पंजाबची उन्हाळी गर्दी धरली तर मे महिन्यात माझं मत काश्मीरला.

खाण्याच्या बाबतीत सासूबाईंचं मत वेगळं पडेल. शाकाहारी कुटुंबाला मनाली सोपी. राजमा-चावल, पराठे कुठेही मिळतात, आणि सिड्डू तर चुकवूच नये. आंबवलेल्या गव्हाच्या पिठात अक्रोड किंवा खसखशीचं सारण भरून तो वाफवतात आणि वर तूप ओततात. आपल्या दिंडांच्या जवळ जाणारा हा पदार्थ आजींनाही रुचेल. गुलमर्गला बाहेर खायच्या जागा कमी, म्हणून नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरूनच हॉटेल घ्या. मांसाहारी मंडळींनी श्रीनगरला एक सकाळ राखून ठेवावी. हिवाळ्यात तिथे रात्रभर शिजवून घोटलेला मटणाचा हरिसा मिळतो आणि तोही सकाळीच संपतो. वाझवान या काश्मिरी मेजवानीतला गुश्ताबा, म्हणजे दह्याच्या रश्श्यातले मटणाचे गोळे, त्यानंतर. शाकाहाऱ्यांना नदरू म्हणजे कमळकाकडी आणि हाक नावाची पालेभाजी मिळते, पण मागून घ्यावी लागते.

खोलीतल्या गरमीबद्दल बुकिंग करतानाच विचारा. मनालीत हीटरचे पैसे अनेकदा वेगळे असतात. कोळशाची शेगडी किंवा कांगडी, म्हणजे निखाऱ्यांचं काश्मिरी मडकं, घेऊन बंद खोलीत झोपू नका, जीवावर बेततं.

सुरक्षेचा प्रश्न टाळून चालणार नाही. २२ एप्रिल २०२५ला पहलगामजवळ बैसरनमध्ये पर्यटकांवर हल्ला झाला आणि त्यात महाराष्ट्रातलीही माणसं गेली. घरात कुणाच्या मनात भीती असेल तर तिला हसण्यावारी नेऊ नका, मनाली घ्या. धास्तावलेल्या माणसाला बर्फाचं सुख मिळत नाही.

खरेदीत काश्मीर पुढे आहे आणि महागही आहे. पांपोरचं केशर, पातळ कवचाचे कागदी अक्रोड, फेरन म्हणजे काश्मिरी पायघोळ अंगरखा. केशर पाण्यात टाकताच भडक रंग सुटला तर समजून जा, खरं केशर सावकाश रंग सोडतं. मनालीला कुल्लूची टोपी आणि भौमितिक काठांची शाल घ्या. भुट्टिको या १९४४पासूनच्या विणकर सहकारी संस्थेच्या दुकानात घासाघीस करावी लागत नाही. बाजारात कुल्लूच्या नावाने यंत्रावरचा मालही खपतो. पश्मिना घ्यायचीच असेल तर जीआयचं, म्हणजे भौगोलिक मानांकनाचं, लेबल बघून घ्या. आणि अंगठीतून शाल ओढून दाखवणारा दुकानदार भेटला तर कौतुक करा, पैसे काढू नका. व्हिस्कोस या कृत्रिम धाग्याची पातळ शालही अंगठीतून सुळकन निघते.