परसबागेतील क्रॉप कव्हर: कापड थंड प्रदेशाचे, वेळापत्रक विदर्भाचे

टरबूज आणि मिरचीच्या शेतांवर दिसणारे पांढरे, न विणलेले पातळ कापड आता तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रांत मीटरवर कापूनही मिळू लागले आहे, त्यामुळे घरामागच्या सांदवाडीत दोन-चार वाफे करणाऱ्यांनाही ते वापरता येते. हे परीक्षण त्यातल्या १७ जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला १७ ग्रॅम वजन असलेल्या कापडाचे आहे. कापड चांगले आहे आणि परसबागेत असावेच, असे माझे स्पष्ट मत आहे. आक्षेप आहे तो पाकीटबंद कापडासोबत येणाऱ्या सूचनापत्रिकेवर, कारण त्या पत्रिकेतले बागेचे वर्ष आपल्याकडचे नाही.

वसंत ऋतूत वाफे झाकावेत आणि शेवटचे हिम पडून गेल्यावर कापड काढावे, असे त्या पत्रिकेत लिहिले आहे. ज्या प्रदेशात हिवाळ्यात जमीन गोठते, तिथे हे अगदी योग्य आहे. तिथले लोक फेब्रुवारी-मार्चमध्ये घरातल्या खिडकीशी टमाटर आणि मिरचीचे बी लावतात, रोपांना आठ-दहा दिवस थोडा थोडा वेळ बाहेर ठेवून वाऱ्याची व उन्हाची सवय करतात, हिमाचा धोका टळला की ती वाफ्यात लावतात आणि एखादी रात्र पुन्हा गारठलीच तर वरून हेच कापड पसरतात. शरद ऋतूत पालक आणि कोबीवर ते पुन्हा येते, म्हणजे हंगाम काही आठवडे लांबतो. लसूण लावून वर गवताचे आच्छादन घातले की त्यांची बाग वसंतापर्यंत झोपते. त्यांचा वसंत म्हणजे आपले फाल्गुन-चैत्र. त्या दिवसांत पारा चाळिशीकडे निघालेला असतो आणि तेव्हा वाफा झाकणे म्हणजे कोवळी रोपे उकडून काढणे होय. त्यांची बाग ज्या महिन्यांत बंद असते, नेमक्या त्याच महिन्यांत आपली सांदवाडी भरलेली असते, म्हणून कापड तेच असले तरी त्याचे वर्ष आपल्याला नव्याने मांडावे लागते.

माझ्या मते विदर्भात या कापडाचा सर्वांत मोठा उपयोग थंडीसाठी नसून पांढऱ्या माशीसाठी आहे, आणि तो अश्विनापासून सुरू होतो. गावाच्या चहूबाजूंनी कपाशी आणि सोयाबीन असते. सोयाबीन निघाले आणि कपाशीची पाने जून होऊ लागली की तिथली पांढरी माशी कोवळा पाला शोधत गावातल्या टमाटर-मिरचीच्या रोपांवर येते आणि सोबत पर्णगुच्छाचा विषाणू आणते. मिरचीवर हा पाने आकसवणारा रोग, म्हणजे बोकड्या, एकदा आला की फवारणीने ते झाड दुरुस्त होत नाही, म्हणून माशीला रोपापर्यंत पोहोचू न देणे हाच खरा उपाय ठरतो. मिरचीचे रोप लागवडीस तयार व्हायला साधारण चाळीस दिवस लागतात, टमाटरचे त्याहून लवकर होते. या सगळ्या काळात वाफा झाकलेला ठेवावा आणि पुनर्लागवडीनंतरही पहिला महिनाभर कापड राहू द्यावे. कडा मात्र मातीने पूर्ण दाबल्या पाहिजेत. एका बाजूला फट राहिली तर माशी आत शिरते आणि तिला खाणारे मित्रकीटक बाहेर राहतात, म्हणजे झाकण्याने उलट तोटाच होतो. त्याच कारणाने झाकण्यापूर्वी प्रत्येक पानाची खालची बाजू पाहून घ्यावी. ज्या घरी रासायनिक औषध न वापरता लेकरांना भाजी खाऊ घालायची इच्छा आहे, त्यांच्यासाठी एवढा एकच उपयोग पुरेसा आहे.

पौषातील थंडी हा दुसरा उपयोग. आपल्याकडे बर्फ पडत नाही, तरी उत्तरेचे कोरडे वारे आणि निरभ्र आकाश एकत्र आले की रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने सोडते. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचे किमान तापमान ३.५ अंशांवर उतरले होते, आणि अशा दिवसांत वांगी, टमाटर व मिरची यांची वाढ थांबते, फुले गळतात. हे पातळ कापड आतली हवा एक-दोन अंशांनीच उबदार ठेवते, पण बरेचदा तेवढेच पुरते. संध्याकाळी उशिरा पाणी देण्यापेक्षा दुपारी वाफा ओलवून घ्यावा, कारण ओली माती दिवसाची ऊब जास्त साठवते आणि रात्री कापडाखाली सावकाश सोडते. पालक, मेथी, सांबार (कोथिंबीर), वाटाणा आणि लसूण यांना थंडी मानवते. त्यांच्यावर कापड घालून पैसे वाया घालवू नयेत.

माघात उन्हाळी काकडी, दोडके आणि ढेमसे लावताना कापडाचा फायदा पुन्हा दिसतो, कारण थंड मातीत रेंगाळणारी उगवण लवकर होते आणि लाल भुंगेरा कोवळ्या पानांपर्यंत पोहोचत नाही. पण वेलाला फूल दिसले की त्याच दिवशी कापड काढले पाहिजे. या वेलांवर नर आणि मादी फुले वेगळी असतात आणि मधमाशी आली नाही तर फळ धरत नाही. पत्रिकेत याचा एका शब्दानेही उल्लेख नाही, आणि ही उणीव मला सर्वांत गंभीर वाटते.

उन्हाळ्यात कापड धुऊन, सावलीत वाळवून, उंदरांपासून जपून ठेवावे. तेव्हाचे काम हिरव्या शेडनेटचे आहे. पावसाळ्यातही ते नको, कारण भिजून रोपांवर बसते आणि आतल्या दमट हवेत रोपे बुडाशी कुजून कोलमडतात.

टिकाऊपणाबाबत अपेक्षा माफक ठेवावी. काळजीने वापरले तर ते दोन हंगाम काढते. पुढे उन्हाने ठिसूळ होऊन त्याचे धागे सुटू लागतात. हे प्लास्टिकच आहे, त्यामुळे तुकडे मातीत मिसळण्याआधीच ते उचलले पाहिजे. कमानीसाठी तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्या, वापरण्याचा मोह होतो, पण त्यांच्या टोकांनी कापड फाटते; तासून गुळगुळीत केलेल्या बांबूच्या कमच्या किंवा जाड तार बरी. कोंबड्या आणि बकऱ्यांना ते थोडेफार अडवते. वानरांपुढे आणि फाल्गुनातल्या गारपिटीपुढे मात्र त्याचा निभाव लागत नाही.

एका वाफ्यापुरत्या कापडाचा खर्च एका दिवसाच्या मजुरीच्या आत बसतो, त्यामुळे स्वस्त म्हणून मिळेल ते घेण्याचे कारण नाही. दुकानात मागताना जाडी सांगावी आणि उन्हात टिकणारे, म्हणजे यूव्ही प्रक्रिया केलेले आहे का, हे विचारावे. पिशव्या शिवण्याचे कापड दिसायला तसेच असते, पण उन्हात लवकर चुरते. रुंदी वाफ्याइतकीच घेऊ नये. तीन फुटांच्या वाफ्यावर दीड फूट उंच कमान केली तर कमानीवरूनच पावणेपाच फूट कापड लागते, आणि दोन्ही कडांना मातीत दाबण्यासाठी अर्धा-अर्धा फूट धरून किमान पावणेसहा फूट रुंदीचे कापड मागावे.