हॉट चॉकलेट बॉम्बचा सिलिकॉन साचा: घ्यावा का?

हॉट चॉकलेट बॉम्ब म्हणजे आत पावडर भरलेला चॉकलेटचा पोकळ गोळा; वरून कढत दूध ओतलं की तो विरघळून हॉट चॉकलेट होतं. नागपूरच्या इतवारी बाजारात बेकरीच्या सामानात सहा अर्धगोलांचा साचा सहज मिळतो. घ्यायचा तर ६ सेंमी व्यासाचाच घ्या. लहान गोळ्यात पावडर मावत नाही. बोटाने दाबून बघा. पातळ सिलिकॉन लुळं पडतं, चॉकलेटची वाटी (अर्धा गोळा) काढताना कड हमखास तुटते.

खरी मेख कडेलाच आहे. चॉकलेट ओघळून तळाशी जमतं नि काठ कागदासारखा राहतो. म्हणून दोन हात द्यायचे, दुसरा फक्त काठाला. एका वाटीला साधारण २० ग्रॅम लागतं. डार्क चॉकलेट ४५ अंशांवर वितळवून २८ पर्यंत उतरवा, मग ३१-३२ वर आणून वापरा. हे चुकलं की पांढरे डाग पडतात आणि वाटी साच्याला चिकटते. कंपाउंडला (कोको बटरऐवजी वनस्पती तेल वापरलेलं चॉकलेट) ही कटकट नाही, पण दुधावर तेलकट तवंग येतो.

आत एक मोठा चमचा ड्रिंकिंग चॉकलेट, चार मार्शमेलो (शाकाहारी असाल तर जिलेटिन तपासा). गरम ताटलीवर दुसऱ्या वाटीचा काठ क्षणभर टेकवून जोडा. वरून २०० मिली कढत दूध. कोमट दुधात गोळा नुसता तरंगतो.

नागपूरच्या मे महिन्यात एसीशिवाय हा उद्योग करूच नये. डिसेंबर-जानेवारीत मात्र साचा पैसे वसूल करतो.