सायकलचं इंजिन किट म्हणून १६,२४९ रुपयांचं भंगार माझ्या गळ्यात मारलं

सायकलला बसवायचं 'ऐंशी सीसी'चं इंजिन किट ऑनलाइन मागवायचा विचार असेल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. माझे १६,२४९ रुपये गेले. बुकिंगचे २,५००, 'माल निघाला' म्हणून ८,४००, ई-वे बिलाचे (माल वाहतुकीसाठी जीएसटी पोर्टलवर काढायचा कागद) १,८९९ आणि 'आरटीओ एनओसी'चे, म्हणजे ना-हरकत दाखल्याचे, ३,४५०. शेवटच्या दोन रकमा पार्सल हातात पडलं की परत मिळणार होत्या.

आधी थोडे, मग जास्त, मग 'परत मिळणारे'. ही पद्धत तुम्हाला ठाऊक आहे, मलाही होती. लष्करातून बदली झाली म्हणून स्वस्तात बुलेट विकणाऱ्यांपासून सावध राहा, असं मीच गावातल्या पोरांना सांगत आलोय. म्हणून आधीच सांगतो, मी अडाणी नाही आणि हावरटही नाही. आयटीआयचा फिटर आहे, सांगली जिल्ह्यात माझं स्वतःचं वेल्डिंग आणि लेथचं शेड आहे. किट कुणी फुकटात देत नव्हतं. बाजारात चालणारा भावच विकणाऱ्यानं सांगितला होता. भाव निम्म्यानं सांगितला असता तर मी फोनच ठेवला असता.

मला ते हवं होतं मळ्यासाठी. शेतीची थ्री फेज वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीचीच असते. मोटर चालू करायला अपरात्री पाणंदीनं विहिरीवर जावं लागतं. वडिलांची काळी सायकल दणकट आहे, फ्रेम जाड आहे. त्यांच्याकडे पूर्वी लूना होती, तिची सर कशालाच नाही असं ते अजून म्हणतात. त्याच सायकलला छोटं टू-स्ट्रोक इंजिन बसवून द्यावं, हा माझा बेत. हौस होतीच, ती का लपवू?

समोरचा माणूस दिल्लीहून बोलतो म्हणाला, पण मराठी चांगली बोलायचा. पुण्यात नोकरी केली होती म्हणे. व्हिडिओ कॉलवर त्यानं स्टँडवरची सायकल चालू करून दाखवली. क्लच दाबला, सोडला, मागचं चाक फिरलं. पक्कं बिल पाठवलं. बिलावरचा जीएसटी नंबर मी पोर्टलवर टाकून पाहिला, नोंदणी चालू होती आणि दुकानाचं नावही जुळत होतं. यापुढे सामान्य माणसानं काय तपासायचं? तो नंबर भलत्याच कुणाचा तरी उचललेला आहे हे नंतर कळलं. पोर्टलवर धंद्याचा पत्ताही दिसतो. तो बिलावरच्या पत्त्याशी अक्षरन् अक्षर लावून बघा. नाव जुळतं म्हणून थांबू नका.

आता जी गोष्ट आजही झोप उडवते ती सांगतो.

या किटमध्ये मागच्या चाकाला लावायचं ४४ दात्यांचं चक्र येतं. ते हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, बसत नाही. स्पोकच्या दोन्ही बाजूंना रबराच्या चकत्या, बाहेरून लोखंडी पट्ट्या, आणि हे सगळं ९ बोल्टनी आवळायचं. ही रचना ३६ स्पोकच्या चाकासाठी आहे. दर ४ स्पोकमागे एक बोल्ट, ९ चोक ३६. आपल्या काळ्या सायकलच्या मागच्या चाकाला ४० स्पोक असतात, पुढच्याला ३२. चाळिसात ९ बोल्ट बसत नाहीत, कुठे ना कुठे बोल्ट थेट स्पोकवर येतो. १० भोकांची वेगळी प्लेट करायची किंवा ३६ भोकांचं हब आणि रिम आणून चाक नव्यानं विणायचं, याशिवाय इलाज नाही. ज्यानं हे किट एकदा जरी हातानं बसवलंय, त्याला ही अडचण माहीत असते. आपल्याकडच्या गिऱ्हाइकाला तो पहिला प्रश्न हाच विचारेल.

मी स्वतःहून विचारलं होतं. "मागचं चाक ४० स्पोकचं आहे, तुमचं चक्र बसेल का?" तो एक क्षणही न थांबता म्हणाला, "सर, युनिव्हर्सल आहे, सगळ्या सायकलींना बसतं."

त्याच क्षणी फोन ठेवायला हवा होता. नुसतं 'विचारून सांगतो' म्हणाला असता तरी चाललं असतं. पण मला वाटलं, हा दुकानदार आहे, मिस्त्री नव्हे, प्लेट तर मी लेथवर करणारच आहे. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल किती घालायचं हेही विचारलं, त्यावर "नॉर्मल पेट्रोल टाका" असं उत्तर आलं. ऑइल न मिसळता टू-स्ट्रोक चालवलं तर पिस्टन जाम होतो, हे लूना चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. वीस वर्षं लोखंडात हात घालणाऱ्या माणसासमोर तो हे बोलला आणि मी ते दुकानदाराचं अज्ञान समजलो. कुठल्याही मालाबाबत तुम्हाला ज्याचं उत्तर पक्कं माहीत आहे असा एक प्रश्न विचारा. उत्तर चुकलं तर तिथेच व्यवहार बंद करा, माणूस कितीही गोड बोलो.

ई-वे बिलाचे १,८९९ मी का दिले? कारण तोवर १०,९०० अडकले होते. ई-वे बिल काढायला सरकार एक रुपया घेत नाही आणि परराज्यातून येणारा माल ५०,००० रुपयांच्या वर असेल तेव्हाच ते साधारणपणे लागतं, हे मी पैसे भरल्यावर वाचलं. 'आरटीओ एनओसी' तर धडधडीत थाप. नोंदणी झालेलं वाहन दुसरीकडे न्यायचं असतं तेव्हा एनओसी लागते. सुट्या इंजिनाला कुठली एनओसी?

पार्सल आलं, हेच तर त्याचं कसब. टाकी नवी, चेन नवी, क्लचचा लिव्हर नवा. इंजिनाला चकचकीत चंदेरी रंग. जवळून पाहिलं तर रंग गॅस्केटच्या (सांध्यातल्या पातळ पॅकिंगच्या) कडेवरून गेलेला होता आणि प्लगच्या आट्यांतही उतरला होता. कारखान्यातून आलेल्या इंजिनाच्या आट्यांत रंग नसतो. फिरवून पाहिलं तर फिरेना. हेडचे चार नट काढले. बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भोकाला, उभे ओरखडे, पिस्टनचं ॲल्युमिनियम भिंतीला चिकटलेलं, रिंग खाचेत रुतून बसलेली. व्हर्नियर लावला तर बोअर ४० मिलिमीटर. म्हणजे ४८ सीसीचं इंजिन. ज्याला 'ऐंशी' म्हणून विकतात त्याचा बोअर ४७ आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, ३८ असतो, गणित करा, ६६ सीसी होतात. तो ऐंशीचा आकडाच मुळात खोटा, आणि मला तर ६६ चंही दिलं नाही. जळून जाम झालेलं ४८ दिलं.

पार्सल फोडताना सलग व्हिडिओ काढा. मी काढला होता. त्याचा उपयोग काय झाला, तेही ऐका.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "माल आला ना? मग फसवणूक कसली?" दुसरा, "सायकलला इंजिन लावणं कायदेशीर आहे का?" तक्रार माझी आणि उलटतपासणीही माझीच. २५ सीसीच्या वरचं इंजिन लावलं की मोटार वाहन कायद्याखाली ती सायकल वाहन ठरते, नोंदणी आणि विमा लागतो, आणि घरी केलेल्या गाडीची नोंदणी होत नाही, हे मला ठाऊक आहे. मी ती रस्त्यावर आणणार नव्हतो. आणि समजा आणणार असतो, तरी चोराला माझे पैसे खायचा परवाना मिळतो का? 'लायसन्स नको, पासिंग नको' अशी जाहिरात करून तो राजरोस विकतोय, त्याला हा प्रश्न कुणी विचारला?

मग 'दिवाणी बाब आहे, ग्राहक आयोगाकडे जा.' तिथे ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही हे खरं, पण नोटीस कुणाच्या पत्त्यावर पाठवू? बिलावरचा पत्ता खोटा. मग 'जिल्ह्याच्या सायबर शाखेत जा.' तिथे 'आधी तुमच्या ठाण्याचं पत्र आणा.' ठाणं म्हणतं, पत्र द्यायला साहेब नाहीत. बँकेत मॅनेजरनं मान वर न करता सांगितलं, "पिन तुम्हीच टाकलाय, हा अनधिकृत व्यवहार होत नाही." ज्या खात्यात पैसे गेले ते कुणाचं, हे बँकेला एका मिनिटात दिसतं. मला सांगत नाहीत, कारण ती खातेदाराची गोपनीय माहिती. त्या चोराकडे माझं आधार, पॅन आणि फोटोही गेलेत, तेव्हा हे गोपनीयतेचे राखणदार कुठे होते? १६,२४९ ही रक्कम लहान म्हणून प्रत्येकजण पुढच्या टेबलाकडे बोट दाखवतो. या चोरांना हे पक्कं माहीत आहे, म्हणूनच ते लाख मागत नाहीत.

ठाण्यात तक्रार घेतली नाही तर परत येऊ नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तीच तक्रार टपालानं पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. स्पीड पोस्टानं पाठवा, पोच सांभाळा. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. तक्रारीत भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) आणि आयटी कायद्याचं ६६ड लिहा. कलम लिहिलेलं दिसलं की समोरच्याचा सूर बदलतो, हा माझा अनुभव.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लगेच करा, पार्सलची वाट बघत बसू नका. 'परत मिळणारे' पैसे मागितले की तोच फोन करायचा क्षण. पैसे मधल्या खात्यात असतील तरच गोठवता येतात. मी पार्सल उघडल्यावर केला, तोवर रक्कम पुढे गेली होती.

क्यूआर कोडवर दुकानाऐवजी माणसाचं नाव आलं तर 'अकाउंटंटचं खातं आहे' हे उत्तर ऐकून घेऊ नका. मला तेच मिळालं होतं.

माझी तक्रार आता अधीक्षक कार्यालयात आहे, पोच हातात आहे. चंदेरी रंगाचं इंजिन, युनिव्हर्सल चक्र, ई-वे बिल आणि एनओसी याच क्रमानं कुणाला गाठलं असेल तर cybercrime.gov.in या सरकारी पोर्टलवर आपली तक्रार टाका, आणि ज्या खात्यात पैसे गेले त्याचा नंबर व यूपीआय आयडी त्यात न चुकता लिहा. एकाच खात्यावर पाच-दहा तक्रारी जमल्या तर रक्कम लहान आहे हे कारण कुणाला सांगता येणार नाही.