वळचणीचे दिवे: एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यानंतर

खोक्यावर मोठ्या अक्षरांत आयपी ६५, म्हणजे धूळ-पाणी आत न जाण्याची खूण. आतल्या वॉरंटी कार्डावर बारीक अक्षरांत: पाणी शिरून झालेला बिघाड वॉरंटीत नाही. बाहेरचा दिवा घेणाऱ्याने या दोन ओळी दुकानातच शेजारी ठेवून वाचाव्यात, म्हणून हे लिहितोय.

घर इंदूरला, लोकमान्य नगरात. जुनं बैठं घर, पुढे ओटा, त्यावर उतरता पत्रा. पत्र्याच्या वळचणीला मार्चमध्ये सहा दिवे लावले. नऊ वॅटचे, ॲल्युमिनियम बॉडी, खाली प्रकाश टाकणारे, ३००० केल्विन म्हणजे पिवळसर उजेडाचे. मेपर्यंत सगळं छान. जूनअखेर पहिला धुवाधार पाऊस आला आणि सगळ्या घराची वीज गेली. जास्त भार किंवा शॉर्ट झाल्यावर पडणारा एमसीबी जागेवर, वीज गळली की पडणारा आरसीसीबी मात्र पडलेला. वर केला की परत खाली. एकेक सर्किट सोडवत गेल्यावर बाहेरच्या दिव्यांचं निघालं. सकाळी दिवे उतरवले तर दोघांच्या काचेत पाणी साचलेलं. बॉडीला अर्थिंग होतं आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी होता, म्हणून नुसता अंधार झाला. ज्यांच्या घरी हे दोन्ही नाही त्यांनी धातूच्या बॉडीचा दिवा लावायच्या आधी ते करून घ्यावं, ही कळकळीची विनंती.

सर्व्हिसवाल्याने फोटो बघून फोनवरच निकाल दिला: ‘इन्स्टॉलेशन का इश्यू है.’ मला याचा संताप आला. आयपीतला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६५ म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि कुठूनही धार मारली तरी बिघाड होण्याइतकं पाणी शिरणार नाही. मग वळचणीखाली, जिथे थेट सरही पोचत नाही, तिथे पाणी शिरलं कुठून?

शिरलं वायरीच्या भोकातून. दिव्याच्या मागे वायर आत घ्यायला प्लास्टिकचा ग्लँड असतो. त्यातला रबर गोल केबलला आवळून धरतो. वायरमनने सुट्या वायरी घातल्या होत्या, आणि सुट्या वायरींभोवती रबर कितीही आवळला तरी मधे फट राहतेच. वायर पत्र्याकडून सरळ उतरत दिव्यात जात होती, त्यामुळे पन्हळीतून उडालेलं पाणी वायरीवरून ओघळत थेट भोकापाशी. आणि ते नुसतं ओघळत नाही, आत ओढलं जातं. दिवा पेटलेला असताना आतली हवा तापून फुगते. बंद केला, किंवा गार सर आली, की ती आकसते आणि फट मिळेल तिथून ओल आत खेचते. कोरड्या मार्च-एप्रिलमध्ये याचा पत्ता लागत नाही.

वायरमनला दोष देऊन मी थांबणार नाही. कारण माहितीपत्रकात भिंतीला भोक कुठे पाडा याचं चित्र आहे, पण केबल गोल हवी, इतक्या मिलीमीटर जाडीची हवी, याचा एक शब्दही नाही. ज्या एका जागेवर आयपी ६५ टिकणार की जाणार हे ठरतं, तिथेच कंपनी गप्प. हे मी लेखी कळवलं, ग्लँडचा फोटो जोडला, माहितीपत्रकाचं पानही जोडलं. बऱ्याच पत्रव्यवहारानंतर दोन दिवे बदलून मिळाले. वॉरंटी कार्डावरची ओळ मात्र तशीच आहे.

दुरुस्ती स्वस्तात झाली. सहाही दिव्यांना तीन कोअरची (आत तीन वायरी असलेली) गोल केबल, १ चौरस मिलीमीटरची. ग्लँड पीजी ९ मापाचा, तो ४ ते ८ मिलीमीटरच्या केबलला बसतो. दिव्यात शिरण्याआधी केबलला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी टपकून जातं, वर चढत नाही. फट बुजवायला सिलिकॉन लावायचं असेल तर न्यूट्रल जातीचं घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं तांब्याला खातं. त्यानंतर पावसाळा गेला, झडीचे दिवस गेले, आरसीसीबी पडला नाही.

म्हणून जुलैत लिहिलं असतं तर एक तारा दिला असता, आज साडेतीन देतोय. कारण दिवा म्हणून तो खरंच चांगला आहे. दुकानदार ६५०० केल्विन, म्हणजे पांढरा, घ्या म्हणून मागे लागला होता, आई पिवळाच हवा म्हणून अडून बसली. तिचं म्हणणं पहिल्या पावसानंतर पटलं. वाळवीला पंख फुटतात त्या संध्याकाळी समोरच्या काकूंच्या पांढऱ्या दिव्याखाली ओटा किड्यांनी भरला आणि मागोमाग पाली आल्या. आमच्याकडेही किडे आले, पण पुष्कळ कमी. किड्यांना निळसर प्रकाश जास्त ओढतो आणि पिवळ्यात तो थोडा असतो. गणपतीत आरतीला आलेली माणसं याच उजेडात ओट्यावर गप्पा मारत बसली, कुणाच्या डोळ्यांवर तिरीप आली नाही.

फाटकाजवळच्या दिव्यात सेन्सर आहे. मेमध्ये तो मला निव्वळ पैसे वाया वाटत होता. माणूस अगदी जवळ आल्याशिवाय पेटायचाच नाही. पावसाळ्यात तोच लांबून पेटायला लागला. हा सेन्सर अंगाची उष्णता आणि मागच्या भिंतीची उष्णता यातला फरक पकडतो, आणि आपल्याकडे मेच्या संध्याकाळी भिंतीच अंगाइतक्या तापलेल्या असतात. शिवाय समोरून आडवं जाणारं माणूस त्याला पटकन दिसतं, सरळ त्याच्याकडे येणारं उशिरा. फाटकाकडे तोंड होतं ते वळवून वाटेला आडवं केलं, तेव्हापासून तक्रार नाही.

विजेचं सांगतो, कारण आमच्याकडे ते महत्त्वाचं आहे. सहा दिवे म्हणजे ५४ वॅट. रोज चार तासांचे महिन्याला साडेसहा युनिट. ऐकायला काहीच नाही. पण मध्य प्रदेश सरकारच्या अटल गृह ज्योती योजनेत पहिली १०० युनिट १०० रुपयांत मिळतात ती महिन्याचा वापर १५० युनिटच्या आत असेल तरच, आणि कूलरच्या दिवसांत आमचं मीटर त्या काठावर असतं. त्यामुळे मेमध्ये फक्त दोन दिवे आणि सेन्सरवाला, बाकीचे बंद. यासाठी दोन वेगळी बटणं करून घेतली. वायरिंग चालू असतानाच सांगा, नंतर भिंत फोडावी लागते.

मागच्या बाजूला अजून दोन लावायचे आहेत, ते याच मेकचे घेणार. मात्र महाराणी रोडवर, इथल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, जाताना त्या गोल केबलचा वीतभर तुकडा खिशात असेल. दुकानात खोका उघडायला लावून ग्लँड त्यावर आवळून बघणार, केबल हलली तर खोका तिथेच परत.